मोडी ते ऑनलाइन : व्यवहारातले ऱ्हस्व-दीर्घ

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर हे दोन्ही तालुके जुन्या व्यापारी वाटांवरचे. कल्याणहून जुन्नरकडे जाणारी नाणेघाटाची वाट मुरबाड तालुक्यातून चढते, तर थळघाटाने नाशिककडे जाणारा मार्ग शहापूर तालुक्यातून. माल ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने चिठ्ठ्या आणि हिशेबही गेले. मराठी मुलखातले हे लेखन शतकानुशतके मोडीत झाले.

मोडीत 'इ' आणि 'उ' यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. लेखणी न उचलता झरझर लिहिणे हे त्या लिपीचे प्रयोजन. पण म्हणून जुने व्यापारी निष्काळजी होते असे नाही. हुंडीत रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहीत, शिवाय तिची निम्मी रक्कम सांगून 'त्याची दुप्पट' असेही नोंदवीत. खबरदारी होती ती रकमेची. नावातला 'दीर्घ' ऱ्हस्व झाला तरी बिघडत नसे, कारण वाचणारा त्या माणसाला ओळखत असे.

छपाई आणि शाळा आल्यावर एकसारखेपणाची गरज वाढली. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 मध्ये शासनमान्य झाले. 1972 मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. त्यांनुसार 'शहापूर' दीर्घ, पण 'शहापुरात' ऱ्हस्व. आपल्याला दोन्हींत एकच गाव दिसते. संगणकाला 'पू' आणि 'पु' ही वेगळी चिन्हे. ऑनलाइन विक्रेत्याने जाहिरातीत गाव चुकीचे लिहिले, तर शोधणाऱ्याला तो सापडेलच असे नाही. शिवाय बेळगावातही शहापूर आहे. तिथे जाणारे पार्सल आपल्याकडे आणतो तो 421601 हा पिनकोड. हुंडीतल्या 'निम्म्याच्या दुपटी'चे काम आज हे आकडे करतात.

खरी झळ बसते ती नावाला. सातबारा देवनागरीत, बँक खाते रोमन लिपीत, आधारवर दोन्ही. 'पाटील' लिहिताना कुणी 'आय' वापरतो, कुणी 'डबल ई'. पीएम-किसानसारख्या योजनेत नाव जुळले नाही की हप्ता अडकतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 खाली लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. मात्र त्यासाठी अर्ज आणि तालुक्याच्या खेपा ज्याचे नाव त्याच्याच वाट्याला येतात. या भागातल्या ठाकूर, कातकरी कुटुंबांतील अनेकांची नावे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच लिहिली. चूक एकाची, खेटे दुसऱ्याचे.

शुद्धलेखनाचा वाद आपल्याकडे बहुधा भाषेच्या प्रतिष्ठेवरून झाला. व्यवहाराचा इतिहास वेगळे सांगतो. ओळखीचा वाचक अक्षराची उणीव भरून काढत होता. यंत्र ती भरून काढत नाही. म्हणून दुसऱ्याचे नाव टंकित करणाऱ्याने ते त्याला एकदा वाचून दाखवावे, जमल्यास कागदावर ताडून घ्यावे. हुंडी लिहिणाऱ्याने रकमेसाठी जेवढी दक्षता घेतली, तेवढी माणसाच्या नावासाठी घेणे फार नाही.