शर्यतीच्या मोटारींत विमानाचें पेट्रोल

शर्यतीच्या मोटारीची कीर्ति गातांना चालकाच्या धैर्याची आणि कारागिराच्या कौशल्याची वाखाणणी होते. तिच्या टाकींत काय ओतलें होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः एंजिन आणि इंधन यांचें नातें देह आणि अन्न यांच्याइतकेंच निकट आहे. १९५८ सालीं पहिल्या प्रतीच्या शर्यतींतील मोटारींचें हें अन्न एकाएकीं बदललें.

तोंपर्यंत या मोटारी बहुधा मेथॅनॉल या मद्यार्काच्या मिश्रणावर धावत. वाफ होतांना मेथॅनॉल पेट्रोलच्या सुमारें तिप्पट उष्णता शोषून घेतें. त्यामुळें आंत येणारी हवा थंड होई, पिस्टन व झडपा यांना गारवा मिळे, आणि मिश्रण पुष्कळ दाबलें तरी तें अवेळीं पेटून एंजिनांत ठोके पडण्याचें भय फारसें नसे. पण हें अन्न खर्चिक. वजनाच्या मानानें त्यांतील उष्णता पेट्रोलच्या निम्म्याहूनहि कमी. म्हणून तें दुपटीच्या आसपास जाळावें लागे आणि टाक्याहि तशाच अवजड होत.

तेलाच्या कंपन्यांना हा प्रकार रुचेना. जें इंधन गिऱ्हाइकाला पंपावर मिळत नाहीं, त्याच्या विजयाची जाहिरात ती काय करावयाची? अखेर मद्यार्क वर्ज्य ठरला. परंतु बाजारी पेट्रोलची प्रत देशोदेशीं निराळी. म्हणून सर्वत्र एकाच प्रतीचें मिळणारें विमानाचें १००/१३० पेट्रोल मुक्रर झालें. यांतील पहिला आंकडा विरळ मिश्रणाची ठोके टाळण्याची ताकद दाखवितो, दुसरा दाट मिश्रणाची.

इंग्लंडची व्हॅनवॉल मद्यार्कावर पोसलेली होती. गारवा गेला, शक्ति घटली, एंजिन नव्यानें जुळवून घेणें भाग पडलें. १९ जानेवारीला ब्यूनोस आयरिसच्या शर्यतीला ती पोंचूं शकली नाहीं. तिचा चालक स्टर्लिंग मॉस यानें मग रॉब वॉकरची चिमुकली कूपर घेतली. एंजिन दोन लिटरांहूनहि लहान, आणि तेंहि चालकाच्या पाठीमागें! तिचीं चाकें बदलावयास फार वेळ लागे. म्हणून मॉसनें थांबण्याचा नुसता देखावा केला, प्रतिस्पर्ध्यांना गाफील ठेवलें, आणि टायरांतील कापड उघडें पडलें असतां मुसोच्या फेरारीला तीन सेकंदांहून कमी अंतरानें मागें टाकलें. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत मागें एंजिन असलेल्या मोटारीचा हा पहिला विजय. त्याचें श्रेय धूर्तपणाला द्यावेंच. पण नव्या नियमाचा हातहि त्यांत विसरतां येत नाहीं. इंधन कमी लागूं लागलें, शर्यतींचें किमान अंतरहि ३०० किलोमीटरांवर आलें, आणि हलक्या मोटारीचे दिवस उजाडले. मोनॅकोलाहि कूपरच जिंकली. पुढें व्हॅनवॉल सांवरली आणि तिनें सहा शर्यती जिंकून कारखानदारांचें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. चालकांत मात्र फेरारीचा हॉथॉर्न ४२ विरुद्ध ४१ अशा एका गुणानें मॉसच्या पुढें राहिला. १९५९ व १९६० हीं दोन्ही वर्षें कूपरचीं.

जुन्या मोटारी हौसेनें जपणारे पुष्कळ लोक अद्यापि विमानाच्या पेट्रोलकडे वळतात. तें बरेच महिने टिकतें, आणि जुन्या रबरी नळ्यांना बाधणारा मद्यार्क त्यांत नसतो. मात्र तें ओतलें कीं एंजिनाला पंख फुटतात, ही समजूत भाबडी आहे. ऑक्टेनचा आंकडा म्हणजे ठोके टाळण्याची ताकद, शक्ति नव्हे. कमी दाबाच्या एंजिनाला त्यापासून लाभ तर नाहींच, उलट शिशाच्या पुटानें ठिणगीचे प्लग खराब होण्याची भीति. शिवाय तें रस्त्यावरच्या पेट्रोलहून हलकें असल्यानें कार्बुरेटरचें जेटहि थोडें मोठें करावें लागतें.

ठोके टाळण्याचा शिशाचा हा गुण १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिजली यानें शोधला, आणि १९२३ सालीं त्याच शिशाच्या विषबाधेमुळें त्याला कामापासून दूर राहावें लागलें. १९२४ सालीं न्यू जर्सींत तें द्रव्य तयार करणारे पांच कामगार दगावले. मोटारींच्या पेट्रोलांतून शिसें पुढें देशोदेशीं हद्दपार झालें. विमानाच्या पेट्रोलांत तें टिकून राहिलें. २०२२ सालीं अमेरिकेच्या विमान-वाहतूक खात्यानें शंभर ऑक्टेनच्या एका शिसेविरहित इंधनाला मान्यता दिली. शर्यतीच्या जुन्या एंजिनांना तें कितपत मानवतें, हें एकेक एंजिन चालवूनच पाहावें लागेल.