चिंध्यांची साखर, चिपाडांचे इंधन

वनस्पतीच्या धाग्यात साखर दडलेली असते, हे रसायनशास्त्राला कळून दोन शतके उलटली. तरीही भुसा, पेंढा किंवा चिपाड यांपासून इंधन तयार करण्याचा उद्योग जगात कोठेही निर्वेधपणे स्थिरावलेला दिसत नाही. या दीर्घ दिरंगाईचे खापर सामान्यतः तंत्रावर फोडले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु या उद्योगाच्या उदयास्तांचा क्रम पाहिला, तर निर्णायक प्रश्न बहुधा प्रयोगशाळेबाहेरचाच होता असे आढळते. ज्याला टाकाऊ म्हणून हिशेबात धरले, ते खरोखरच टाकाऊ होते काय, आणि किती काळ, हा तो प्रश्न होय.

फ्रान्समधील नान्सी येथील वनस्पती उद्यानाचे संचालक आंरी ब्राकोनो यांनी १८१९ साली तागासारख्या जवस-धाग्याच्या जुन्या कापडाच्या चिंध्या तीव्र सल्फ्युरिक अम्लात कालवल्या. चिंध्यांचा चिकट लगदा झाला, तो पाणी घालून उकळला, अम्ल खडूने मारले आणि गाळलेला द्राव आटवला, तेव्हा साखर हाती आली. तिचे वजन मूळ चिंध्यांच्या वजनाहून अधिक भरले. यात चमत्कार काही नव्हता. कापसाचा, जवसाचा वा लाकडाचा धागा ज्या सेल्युलोज या द्रव्याचा बनलेला असतो, ते म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब साखळी. तिची प्रत्येक कडी तुटताना पाण्याचा एक रेणू तेथे जोडला जातो आणि वजन वाढते. पाण्याच्या साह्याने होणाऱ्या या तोडफोडीला जलीय विच्छेदन म्हणतात. सेल्युलोजला ते नाव मात्र आंसेल्म पायां यांच्या संशोधनानंतर, १८३८च्या सुमारास मिळाले. म्हणजे साखर आधी निघाली आणि ती कशातून निघाली हे नंतर कळले.

चिंध्यांवर जे साधले ते लाकडाच्या भुशावर तितक्या सहजपणे साधेना. चिंधी हा पिंजून, धुऊन, वापरून स्वच्छ झालेला धागा असतो. लाकडात किंवा ताटात हाच धागा हेमिसेल्युलोज या दुसऱ्या शर्करायुक्त द्रव्यात गुंतलेला असतो आणि त्या दोहोंना लिग्निन नावाचे कठीण द्रव्य चुन्याच्या गिलाव्यासारखे धरून ठेवते. हा गिलावा फोडण्याइतके अम्ल आणि उष्णता द्यावी, तर आधी सुटलेली साखर करपून तिचे फरफ्युरलसारखे पदार्थ बनतात आणि तेच पुढे यीस्टला, म्हणजे साखरेचे मद्यार्कात किण्वन करणाऱ्या सूक्ष्मजीवाला, मारक ठरतात. आच कमी ठेवावी तर साखर लाकडातच अडकून राहते. काहिलीतला पाक उतरवण्याची घटका चुकली की गूळ बिघडतो, हे गुळव्याला ठाऊक असते. लाकडाच्या साखरेत तर ती नेमकी घटका पकडायची सोयही नव्हती, कारण पहिला कण सुटून करपू लागे तेव्हा शेवटचा कण सुटायचाच असे.

१८९८ साली जर्मनीत या रीतीने व्यापारी उत्पादनाचा पहिला प्रयत्न झाला, तेव्हा १०० किलो लाकडापासून सुमारे ७.६ लिटर मद्यार्क मिळाला. पुढील दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लाकूड गिरण्यांच्या आवारातच असे कारखाने उभे राहिले. त्यांतील पहिला १९१० साली साउथ कॅरोलायनातील जॉर्जटाउन येथे निघाला, तर दुसरा लुइझियानातील फुलर्टन येथे. मूळ जर्मन पद्धतीच्या मानाने येथे उतारा कमी पडे. पण काम झपाट्याने उरके आणि भुसा गिरणीतून थेट येत असल्याने कच्च्या मालाला किंमत अशी नव्हतीच. पहिले महायुद्ध संपल्यावर हे कारखाने बंद पडले, ते मुख्यतः आसपासची लाकूडतोड ओसरली म्हणून. गिरणी थंडावली, भुसा आटला आणि फुकटच्या मालावर बेतलेला हिशेब कोलमडला.

त्यानंतरचा इतिहास बव्हंशी टंचाईचा इतिहास आहे. जर्मनीत हाइनरिख शोलर यांनी सौम्य अम्ल भुशाच्या थरातून झिरपवून साखर तयार होताच बाहेर काढण्याची पद्धत बसवली. सोव्हिएत संघात १९३०च्या दशकापासून अशा कारखान्यांची मालिकाच उभी राहिली, आणि तेथील नियोजनात बाजारभावाचा जाच नसल्याने ती दीर्घकाळ टिकली. सर्वांत बोलके उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. दुसऱ्या महायुद्धात चहूकडून कोंडी झालेल्या या देशाने एम्स या गावी लाकडापासून मद्यार्क करण्याचा कारखाना चालवला, आणि पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या त्या द्रवाला लोक काहीशा चेष्टेने ‘एम्सचे पाणी’ म्हणू लागले. युद्ध संपले, पेट्रोल मुबलक झाले, तरी सरकारी आधार काही वर्षे चालू राहिला. अखेर १९५६ साली हा प्रश्न मतदारांपुढे गेला आणि त्यांनी आधार नाकारला. एखाद्या इंधनाचे भवितव्य असे मतपेटीतून ठरल्याची उदाहरणे विरळाच असतील.

अम्लाला पर्याय सापडला तो भलत्याच शोधातून. याच युद्धात दक्षिण पॅसिफिकमधील दमट बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे विलक्षण वेगाने कुजत होते. सॉलोमन द्वीपसमूहातील बूगनव्हिल बेटावरच्या अशाच एका कुजक्या कापडावरून एक हिरवट बुरशी वेगळी काढण्यात आली आणि सैन्याच्या पुरवठा खात्याच्या संग्रहात तिची ‘क्यूएम ६ए’ अशी नोंद झाली. ती सेल्युलेज नावाची एंझाइमे, म्हणजे सेल्युलोजची साखळी तोडणारी जैव द्रव्ये, स्रवते. मॅसॅच्युसेट्समधील नेटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी तिचा अभ्यास आरंभला तो कापड वाचवण्यासाठी. १९७३च्या तेलसंकटानंतर मात्र तीच बुरशी अधिक जोमाने कशी कुजवील, याचा शोध सुरू झाला. १९७७ साली तिला रीझ यांच्या नावावरून ‘ट्रायकोडर्मा रीझी’ असे नाव मिळाले. एंझाइमे साखर करपवीत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण ती महाग असतात, आणि लिग्निनचा गिलावा आधी सैल केल्याशिवाय धाग्यापर्यंत पोहोचत नाहीत.

भारतात मोटारीत मद्यार्क घालण्याची कल्पना जुनी आहे. त्यासाठी १९४८ साली ‘पॉवर अल्कोहोल’चा स्वतंत्र कायदा झाला आणि २००० साली तो रद्दही झाला. पुढच्याच वर्षी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले गेले, त्यांतील दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे होते. ते इथेनॉल मात्र मळीचे होते, धाग्याचे नव्हे. उसाच्या वजनाच्या चार-साडेचार टक्के निघणारी मळी साखर घेऊनच येते. ती आंबवायची आणि ऊर्ध्वपातनाने मद्यार्क वेगळा करायचा, एवढेच काम उरते. वजनाच्या सुमारे ३० टक्के निघणारे चिपाड मात्र तसेच शिल्लक राहते, म्हणून दुरून पाहणाऱ्याला ते वाया जाते असे वाटते.

ते वाया कधीच गेले नाही. गुऱ्हाळावर चरकातून पडलेले चिपाड अंगणात पसरून वाळवायचे आणि त्याच उसाचा रस आटवण्यासाठी चुलवाणात सारायचे, ही रीत साखर कारखान्यांनी बॉयलरच्या रूपाने जशीच्या तशी उचलली, आणि पुढे सहवीजनिर्मितीमुळे त्या चिपाडातून ग्रिडला विकण्याजोगी वीजही निघू लागली. इतर पिकांचीही तीच कथा आहे. ज्वारीचा कडबा जनावरांच्या दावणीत जातो, तुराट्यांचे कूड होतात, पऱ्हाटी विदर्भात चुलीत जळते. शेतातून निघणाऱ्या प्रत्येक अवशेषाला मराठीत वेगळे नाव आहे, आणि नाव असलेली वस्तू सहसा कोणाच्या तरी कामाची असते.

म्हणून तंत्र मुंबई-पुण्याकडचे आणि मोठा कारखाना हरियाणात, असे जे घडले त्यात विसंगती नाही. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील केंद्राने विकसित केलेल्या पद्धतीचा प्रात्यक्षिक कारखाना २०१६ साली उत्तराखंडातील काशीपूर येथे सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०१७ साली दौंड तालुक्यात वर्षाला १० लाख लिटर क्षमतेचा प्रात्यक्षिक कारखाना काढला, आणि त्याच कंपनीच्या तंत्रावर उभारलेला इंडियन ऑइलचा पानिपत येथील प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असे त्याचे गणित मांडले गेले. पंजाब-हरियाणात कापणी यंत्राने होते, पेंढा शेतात उभा-आडवा राहतो आणि गव्हाच्या पेरणीची घाई असल्याने शेतकरी तो पेटवून देतो. देशातील धाग्यांपैकी खऱ्या अर्थाने बेवारस झालेला असा धागा हाच. तथापि हा पेंढा हाती येतो तो कापणीनंतरच्या मोजक्या आठवड्यांत, आणि कारखान्याला तो बारा महिने लागतो. त्यामुळे गठ्ठे बांधणारी यंत्रे, ते वाहणाऱ्या ट्रॉल्या, पावसापासून आणि ठिणगीपासून जपायच्या डोंगराएवढ्या गंजी, आणि पेंढा जाळण्याऐवजी विकण्यासाठी शेतकऱ्याला द्यावा लागणारा भाव, हे सारे खर्चात येऊन बसते. जॉर्जटाउनच्या भुशाला जी किंमत नव्हती, ती पानिपतच्या पेंढ्याला पहिल्या दिवसापासून आहे.