तळ्यापर्यंतचा रस्ता

महाड म्हटलं की आपल्याला पाणी आठवतं. 20 मार्च 1927, चवदार तळं, बाबासाहेबांची ओंजळ. मला मात्र त्याआधीचं चालणं महत्त्वाचं वाटतं. परिषदेच्या मांडवातून निघालेली माणसं शिस्तीत, भर गावातून चालत तळ्यावर गेली. नंतर अफवा उठली की आता ती वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग गावात पांगलेल्यांना गाठून मारहाण झाली.

1923 च्या बोले ठरावात पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने होते. रस्ता नव्हता! तिकडे केरळात वायकोमला 1924 मध्ये देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून नुसतं चालता यावं म्हणून सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या 15 व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला रस्तेही आले.

म्हणजे हक्क मिळाला. पण चालायला जागा? महाड आणि पोलादपूर, दोन्ही गावं मुंबई-गोवा महामार्गावरची. मोठ्या रस्त्याचा विचार गाडीपासून सुरू होतो, पायी माणूस उरलेल्या कडेला. इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन सांगतं, फुटपाथवर किमान 1.8 मीटर जागा मोकळी हवी आणि त्याची उंची 15 सेंटिमीटरच्या वर नको. उंच फुटपाथवर म्हातारं माणूस चढतच नाही, ते खालूनच चालतं.

पोलादपुरात मी शाळेच्या वाटेपासून सुरुवात करेन. महाडात टेप घेऊन आधी एसटी स्टँड ते चवदार तळं एवढंच अंतर मोजेन. दर 20 मार्चला तिथं कडेवर पोरं घेतलेल्या बायाही येतात.