दवंडी ते ब्रॉडबँड

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या बार्शीटाकळीत अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळेत मराठी, आणि दुकानात गिऱ्हाईक बघून दोन्ही. माझ्या कवितेची भाषा कुठून आली असं कोणी विचारलं, तर मी त्या दुकानाकडे बोट दाखवतो. दुरुस्तीला आलेले पाच-सहा ट्रान्झिस्टर तिथे एकाच वेळी खरखरत असत. अब्बा डाग देता देता म्हणायचे, ‘लहर तो हवा में हैच बेटा, सुननेवाला होना.’

पावसाळ्यात विद्रूपा नदीला पाणी चढलं, की त्याची खबर मात्र रेडिओवरून येत नसे. ती कोतवालाच्या पायांनी यायची. हातात कंदील, खांद्यावर घोंगडं आणि दारावर थाप : ‘अजी चाचा, उठा नं जी! नदीले पानी चढू रायलं!’ मग खालच्या वस्तीतली माणसं पोरंबाळं, शेळ्या, कोंबड्या घेऊन वर यायची. मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं जाई, देवळातली घंटाही वाजे. संकटात सर्वांत आधी धावून जाणाऱ्यांना आता ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ म्हणतात. आमच्याकडे ती माणसं म्हणजे कोतवाल, पोलीस पाटील आणि ठाण्यातला शिपाई. या माणसांना एकमेकांशी बोलण्याचं साधन कसं मिळत गेलं आणि त्यासाठी सरकारच्या तिजोरीतून पैसा केव्हा निघाला, ही गोष्ट आज सांगायची आहे.

ठाण्यातला बिनतारी संच मी लहानपणी खिडकीतून पाहिला. शिपाई बटण दाबून ‘हॅलो अकोला, हॅलो अकोला’ म्हणे, बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडी. दोघं एकदम का बोलत नाहीत, असं मी अब्बांना विचारलं. ते म्हणाले, लहर एकच आहे, ज्याने बटण दाबलं तो बोलतो आणि बाकीचे सगळे ऐकतात. पुढे मोबाइल आल्यावर मला त्या उत्तराची किंमत कळली. मोबाइलवर एक माणूस एकाशी बोलतो. पोलिसांच्या संचावर एकाने हाक दिली की अख्ख्या जिल्ह्याला ती ऐकू जाते. पूर आला असताना दहा जणांना दहा वेळा फोन लावायला कुणाला सवड असते?

आपल्या देशात बिनतारी यंत्राकडे सरकारने आधी संशयानेच पाहिलं. १९३३च्या कायद्याने परवान्याशिवाय असा संच बाळगणं हा गुन्हा ठरला. साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना घ्यावा लागे. त्या परवान्यांची लहान पुस्तकं आमच्या दुकानातही गिऱ्हाइकं विसरून जायची. १९४२च्या चळवळीत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ऑगस्ट ते नोव्हेंबर एवढंच त्याचं आयुष्य, पण त्यासाठी उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४६मध्ये, देशभरच्या पोलिसांच्या बिनतारी यंत्रणांचा मेळ घालणारं केंद्र सरकारचं खातं सुरू झालं. म्हणजे हे यंत्र आलं ते मुख्यतः बंदोबस्तासाठी. पुरात आणि भूकंपात ते उपयोगी पडलं, तो वरचा लाभ समजायचा.

वऱ्हाडच्या वेशीवरचीच एक घटना सांगतो. ३० जुलै १९९१. वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातलं मोवाड गाव बुडवलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. नदीच्या अलीकडे अमरावती जिल्ह्यातला वरुड तालुका. पाणी वरून खाली येतं आणि त्याला वेळ लागतो, हे नदीकाठच्या कोणत्याही म्हाताऱ्याला ठाऊक असतं. पाण्याच्या पुढे धावणारी खबर गावागावांत पोचावी, एवढंच तर लागतं. मोवाडचं नाव निघालं की आमच्याकडे आजही माणसं थोडा वेळ गप्प होतात.

दोन वर्षांनी किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, चार वाजायला काही मिनिटं होती. गणेश विसर्जनाची रात्र संपत आली होती. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे, की मुंबईत खिडक्यांची तावदानं हलली आणि त्यांनी कोयनेच्या भूकंपमापन केंद्राला फोन लावून भूकंपाचं केंद्र विचारून घेतलं. कोयनेला ते केंद्र होतं, आणि १९६७चा कोयनेचा भूकंप महाराष्ट्राने सोसला होता. आधीच्या आपत्तीनंतर जपलेली व्यवस्था अशी नंतरच्या आपत्तीत कामाला येते.

मी तेव्हा बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो. आमच्या गावातून ज्वारी, चादरी आणि कपड्यांचा एक ट्रक निघाला. अर्धा माल मशिदीत गोळा झाला होता, अर्धा गणेश मंडळाच्या पोरांनी जमवला होता. त्या ट्रकवर मीही चढलो. पोचलो तेव्हा पाऊस लागला होता आणि दगड-मातीच्या घरांचे ढीग चिखल झाले होते. एका तंबूबाहेर बांबूला तार बांधलेली होती. आत कोवळा पोलीस शिपाई संचावर गावांची नावं एकेक अक्षर तोडून सांगत होता : सा-स्तू-र, मं-ग-रू-ळ. पलीकडच्याला ऐकू जात नव्हतं, तो पुन्हा सांगत होता. बाहेर माणसांची रांग. प्रत्येकाला पुण्या-मुंबईच्या लेकाला ‘मी जिवंत आहे’ एवढंच कळवायचं होतं. शिपाई म्हणाला, बाबांनो, ही लाइन सरकारी निरोपाची आहे. एका म्हाताऱ्याने तरीही पत्त्याची चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली. त्याने ती खिशात ठेवली. पुढे काय झालं मला ठाऊक नाही. पण तो शिपाई माझ्या एका कवितेत आला आहे, आणि चिठ्ठी अजून त्याच्या खिशातच आहे.

किल्लारीत आठ हजारांच्या आसपास माणसं मेली, ५२ गावं नव्याने वसवावी लागली. मग जागतिक बँकेचं कर्ज आलं. त्यातून घरं झाली, तसाच आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा झाला, मंत्रालयात नियंत्रण कक्ष झाला. जिल्ह्याच्या कचेऱ्या उपग्रहाने जोडायचं आणि जिल्ह्यातून खाली व्हीएचएफ संचांनी बोलायचं, असं ठरलं. व्हीएचएफच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की आवाज अडतो. म्हणून उंच जागी रिपीटर बसवतात. तो आवाज उचलतो आणि पुढे फेकतो. साधी, स्वस्त आणि टिकाऊ व्यवस्था, फक्त तिला वीज लागते आणि बॅटरी लागते.

काही वर्षांनी एका सरकारी कचेरीत कामाला गेलो होतो. कोणती ते सांगत नाही. तिथे तसाच एक संच होता. त्याच्यावर विणलेला रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. रेडिओवाल्याचा मुलगा असल्याने मला राहवलं नाही. बाबू म्हणाले, ‘बॅटरी बसली जी. नवी मागतली हाय, पन बिल अडकलं.’ नवं यंत्र घ्यायला पैसा मिळतो, कारण त्याचं उद्घाटन होतं. बॅटरीचं उद्घाटन होत नाही. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत खुपणारी गोष्ट हीच वाटते.

नंतर मोबाइल आला आणि आता या जुन्या संचांची गरज काय, असं शहाणी माणसंही म्हणू लागली. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या दिवशी मोबाइलनेही मान टाकली. कारण सोपं आहे. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, ती काही तासांत संपते आणि जनरेटर पाण्यात असतो. जे टॉवर जिवंत राहतात त्यांच्यावर लाखो माणसं एकदम फोन लावतात. त्या गर्दीत अग्निशमन दलाचा जवान आणि घरी फोन करणारे आपण, दोघेही सारखेच. त्याच्या आधीच्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा अंदमानातून पहिले निरोप बाहेर पोचवण्यात हॅम रेडिओवाल्यांचा मोठा वाटा होता. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी छंद म्हणून संच घेऊन पोर्ट ब्लेअरला गेले होते. तो छंद बेटांच्या कामी आला.

मग अमेरिकेसारख्या देशात तरी हे नीट असेल? ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कमध्ये जळते मनोरे हेलिकॉप्टरमधून पोलीस पाहत होते. मनोरा पडेल असा इशारा त्यांनी आपल्या लहरीवर दिला. आत जिने चढणाऱ्या अग्निशमन जवानांची लहर वेगळी होती. त्या दिवशी ३४३ जवान गेले. चौकशी आयोगाने २००४मध्ये सांगितलं, की या लोकांसाठी जास्त लहरी राखून ठेवा. तरीही कायदा व्हायला २०१२ उजाडलं. त्या कायद्याने ‘फर्स्टनेट’ नावाची संस्था स्थापन झाली. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी देशभर एकच ब्रॉडबँड जाळं, २० मेगाहर्ट्झ लहरी आणि सात अब्ज डॉलर. पैसा कुठून आणला, तर उरलेल्या लहरी कंपन्यांना लिलावात विकून. उभारणीचं काम २०१७मध्ये एटीअँडटी कंपनीला मिळालं. गर्दी झाली तर या जाळ्यावर आधी वाट जवानाला, मग आपल्याला.

ब्रॉडबँडने काय वेगळं होतं, हेही सांगायला हवं. जुन्या संचावर फक्त आवाज जातो. ब्रॉडबँडवर इमारतीचा नकाशा जातो, रुग्णाच्या हृदयाचा आलेख रुग्णवाहिकेतून डॉक्टरांपर्यंत जातो, कोणता जवान कुठे उभा आहे ते पडद्यावर दिसतं. किल्लारीच्या त्या शिपायाला सास्तूर तीनदा सांगावं लागलं नसतं. पण त्यासाठी टॉवर जास्त लागतात आणि रुंद लहर लागते. लहरींचा तर आता सोन्यासारखा भाव झाला आहे. आपल्याकडे २०१६च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी इतक्या महाग ठेवल्या होत्या, की त्या कुणी घेतल्याच नाहीत. तेव्हा अशी लहर पोलिसांना राखून द्यायची, म्हणजे हजारो कोटींवर पाणी सोडायचं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जून २०१८मध्ये तशी शिफारस केली : ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या दुहेरी १० मेगाहर्ट्झ लहरी देशभर या कामासाठी ठेवाव्यात. महानगरं, सीमेवरचे आणि आपत्तीप्रवण जिल्हे यांत सरकारी खर्चाने स्वतंत्र जाळं असावं. शिफारस चांगलीच आहे. पण अकोल्यासारख्या जिल्ह्यांचा नंबर अशा यादीत कधी वर लागत नाही, हे आम्हा वऱ्हाडकरांना सवयीने ठाऊक आहे.

महाराष्ट्रात २०१४मध्ये १०८ची रुग्णवाहिका आली आणि २०२१मध्ये पोलिसांचा ११२ क्रमांक सुरू झाला. ११२च्या देशव्यापी योजनेचा पैसा निर्भया निधीतला. तो निधी कशामुळे उभा राहिला, ते तुम्हाला सांगायला नको.

या सगळ्यांत मला एक एसटी चालक विसरता येत नाही. ३० जुलै २०१४ची सकाळ, पुणे जिल्ह्यातलं माळीण. बस नेहमीच्या रस्त्याने आली, तर गाव दिसेना. रात्री एवढ्या सगळ्यांनी जेवून झोपलेलं गाव डोंगराखाली गेलं होतं. दीडशेच्या आसपास माणसं होती. ती खबर बाहेर पोचवली त्या चालकाने. त्याच्याकडे ना व्हीएचएफ, ना राखीव लहर. त्याच्याकडे वेळापत्रक होतं आणि गाव कुठे असायला हवं होतं ते त्याला माहीत होतं.

आमच्या तालुक्यात महानला काटेपूर्णेचं धरण आहे. दारं उघडायची असली की नदीकाठच्या गावांना इशारा जातो. आताचा कोतवाल तरुण आहे, मोटरसायकलवर हिंडतो, फोनवर निरोप घेतो. रेंज गेली तर तो पुन्हा दारावर थापच मारतो.

२०२३मध्ये सरकारने मोबाइलवरून आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली. एका टॉवरखालच्या सगळ्या फोनवर एकदम निरोप, गर्दीचा प्रश्नच नाही. मी बसस्टँडजवळ चहा पीत होतो. हॉटेलातले सगळे फोन एकाच वेळी किंचाळले. शेजारी आमचे जुने, निवृत्त कोतवाल बसले होते. त्यांच्या खिशातला बटणांचा फोन गप्प होता. ते दचकून उभे राहिले, काठी उचलली आणि विचारू लागले, ‘काय झालं बाप्पा? कुठी पानी आलं?’ कोणीतरी म्हणालं, ‘काही नाही काका, बसा. टेस्ट होती.’ ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग बसले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.