तळटीप : वाघांच्या छायाचित्रांची साठवण
* २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे मिळाली. असा साठा सांभाळण्यासाठी लेखकाने सुचवलेली लिनक्सवरील ‘रेड-५’ रचना (अनेक डिस्क एकत्र जोडून, त्यांतली एक गेली तरी साठा टिकवणारी) लहान डिस्कच्या काळात ठीक होती. १६ टेराबाइटची डिस्क बदलली, तर सेकंदाला २०० मेगाबाइट वेगानेही पुनर्बांधणीला सुमारे २२ तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या साऱ्या डिस्क सलग वाचल्या जातात. त्यात आणखी एक बंद पडली की सगळा साठा गेला. म्हणून दोन डिस्क गेल्या तरी तगणारी ‘रेड-६’च घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. शिवाय दुसऱ्या जागी वेगळी प्रत हवीच. चुकून पुसलेली फाइल रेड परत देत नाही, आणि वाघाच्या पट्ट्यांची ओळख पुढच्या गणनेत जुन्या छायाचित्रांशीच ताडून पटवावी लागते. — संपादक