रस्त्याच्या अलीकडे, रस्त्याच्या पलीकडे

गेल्या वर्षी भाचीकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. तिथल्या सान बर्नार्दिनो गावी माउंट व्हर्नन रस्त्यावर ‘मितला कॅफे’ नावाची एक जुनी खाणावळ आहे. समोर टॅको आला तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, ही तर मक्याची भाकरी, दुमडून तळलेली!”

तिचे फारसे चुकले नव्हते. फरक आहे तो चुन्याचा. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजत ठेवतात आणि मग वाटतात. त्यामुळे ती पोळी, म्हणजे तोर्तिया, दुमडली तरी मोडत नाही. तीत मांस, कांदा, मिरची घातली की झाला टॅको. (मिरची हीही मूळची तिकडचीच, आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली.)

१९१० साली मेक्सिकोत क्रांती पेटली आणि माणसे लोंढ्यांनी सरहद्द ओलांडून उत्तरेकडे आली. कोणी संत्र्यांच्या बागांत राबले, कोणी रेल्वेत. सान बर्नार्दिनोत त्यांची वस्ती रुळांच्या पश्चिमेला वसली. तिथे १९३७ साली लुसिया रॉड्रिगेस या बाईंनी हा कॅफे काढला. खिमा, चीज, कोशिंबिरीची पाने, टोमॅटो असे जे मिळे ते त्यांनी कुरकुरीत तळलेल्या तोर्तियात भरले.

पण माणूस काही टॅकोइतका सहज सामावत नाही. गावच्या पोहण्याच्या तलावात मेक्सिकन मुलांना आठवड्यातून एकच दिवस मुभा होती. त्याविरुद्धच्या बैठका याच कॅफेत भरत. १९४३ साली इग्नासिओ लोपेस या पत्रकाराने इतरांसह फेडरल न्यायालयात दावा लावला, आणि १९४४ साली तो जिंकला. शाळांतील भेदभावाविरुद्धचे अमेरिकेतले गाजलेले खटले यानंतरचे! खाणावळीच्या टेबलांचे हे ऋण इतिहासकारांनी अंमळ उशिराच मान्य केले.

आता पलीकडची गोष्ट. कॅफेसमोर ग्लेन बेल नावाच्या गृहस्थाचे हॅम्बर्गरचे दुकान होते. या कॅफेतली गर्दी तो पाहत असे. आपले दुकान बंद केले की इथे येऊन टॅको खाई आणि मग घरी करून पाही. १९५०च्या सुमारास त्याने १९ सेंटला एक अशी विक्री आपल्या खिडकीतून सुरू केली. १९६२ साली डाउनी गावी त्याचे ‘टॅको बेल’ उघडले. १९७८ साली पेप्सिको कंपनीने ते विकत घेतले. आज त्याच्या हजारो शाखा आहेत.

याला चोरी म्हणावे काय? माझ्याने म्हणवत नाही. पदार्थ शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेच जातो. मात्र ज्यांच्या हातचे गावाला गोड लागत होते, त्यांच्या मुलांना नुकतेच पोहायला मिळू लागले होते, हे विसरून तो घास घशाखाली उतरत नाही.

कॅफे त्याच कुटुंबाच्या हाती राहिला आहे. निघताना सौ.ने वाढणाऱ्या मुलीला विचारले, तळताना हा मोडत कसा नाही ग? तिने हातवारे करून सगळे सांगून टाकले.