शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ

आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीची पोरं १२०. माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल. म्हणजे पातेल्यात १२ किलो तांदूळ नि २ किलो ४०० ग्रॅम डाळ. हजेरी झाली की सर आकडा सांगतात, आम्ही तिघी स्वयंपाकिणी काट्यावर मापून घेतो.

शाळेतल्या जेवणाची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ची, पण तेव्हा शाळेत चूल नव्हती. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की पोराच्या पिशवीत ३ किलो तांदूळ पडायचा. आमच्याकडे ज्वारीचं खाणं, भात सणावाराला. मग तो तांदूळ एकट्या पोराच्या पोटात कसा जाणार? सासू-सासरे, आलागेला, सगळ्यांत तो वाटला जायचा. कुणी दुकानात देऊन तेल-मीठही आणायचं. यात आईची काही चूक होती असं मला वाटत नाही.

२८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, धान्य वाटू नका, शिजवून द्या. निदान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात २०० दिवस. तेव्हा कुठे शाळेला शिजवणारी बाई लागली. २००४ मध्ये न्यायालयाने आणखी सांगितलं, या कामावर दलित-आदिवासी बायांना आधी घ्या. हे कागदावर एका ओळीचं. गावात मात्र त्यांच्या हातचं नको म्हणून काही घरांनी पोरांना डबे बांधून दिले. पुढे पोरांनीच ते डबे आणायचे सोडले; गरम खिचडीपुढे गार भाकरी कोण खाईल!

तांदळाचं माप १९९५ लाच ठरलं होतं, शिजवणारीचं ठरायला २००९ चा डिसेंबर उजाडला. महिना १००० रुपये, तेही वर्षाचे १० महिने. तोवर आम्हाला जे मिळायचं ते शिजवण्याच्या खर्चातूनच निघायचं.

जुलै २०१३ मध्ये बिहारातल्या गंडामण गावच्या शाळेत २३ लेकरं जेवून मेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. आमच्याकडे कापसावर तेच मारायचे, त्याचा उग्र वास आम्हाला पाठ आहे. तिथल्या स्वयंपाकिणीनेही तेलाबद्दल शंका काढली होती, असं तेव्हा छापून आलं होतं. पण तिचं ऐकलं गेलं नाही. आता पोरांच्या आधी शिक्षकांनी चव घ्यायची, वहीत सही करायची. चांगलंच आहे. पण तेलाचा डबा मी पहिल्यांदा उघडते, तेव्हा वास मलाच आधी येणार. त्या वहीत माझ्या सहीचा रकाना नाही.

२०२१ पासून योजनेचं नाव पीएम पोषण झालं, मानधनही पुढे २५०० वर गेलं. मे महिन्यात ते नसतं. मग आम्ही तिघी कांदा काढायला जातो, तिथे संध्याकाळी मजुरी हातात पडते.